पाचरीची जाड बाजू

माझे वडील ज्योतीराम कासारवाडीत लॉऱ्यांच्या कमानी बांधायचे, पण स्वतः कधी गाडीत बसायचे नाहीत. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत, आम्हीही हसायचो. पुण्याला जायचं तर सायकल, हिंजवडीपलीकडे माणला माझ्या सासरी यायचं तरी सायकल, आणि साताऱ्याकडे गावी जायचं झालं तर रेल्वे. रेल्वेवर त्यांचा विश्वास होता, कारण तिला वळायची मुभा नसते. रस्त्यावरून एसटी गेली की ते तिच्या मागच्या चाकाकडे बघायचे आणि पुटपुटायचे, "डाव्या अंगाचा पाटा गेलाय." मग ती दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभे. आतली माणसं निवांत शेंगा खात असायची आणि हे त्यांच्यासाठी इकडे घाम पुसत असायचे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तोंड कधी पोळलं नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून प्यायचे. आई, म्हणजे सोजरबाई, सांगायची की लग्नात सगळ्यांनी नवरीकडे बघितलं, या माणसानं मात्र मांडवाचे खांब हलवून बघितले.

कमान म्हणजे पोलादी पाट्यांची चळत. एकाला एक लावून मध्ये बोल्टानं आवळलेली, गाडीचं सगळं ओझं ती झेलते. दादा हे काम भवानी पेठेत एका कमानवाल्याच्या हाताखाली शिकले. पिंपरी-चिंचवडला कंपन्या उभ्या राहायला लागल्या, लॉऱ्या वाढल्या, आणि लॉरीत माल भरताना कुणाचा हात आखडत नाही, त्यामुळे पाटे तुटायला लागले. दादांनी कासारवाडीत हमरस्त्याला लागून पत्र्याची शेड घातली, तिच्या मागेच आमचं घर. भट्टीत पाटा लाल करायचा, घणानं त्याला बाक द्यायचा, तेलात विझवायचा. सकाळपासून ठणठण चालायची. त्या आवाजातच मी अभ्यास केला आणि मॅट्रिकला नापास झाले, त्याचं खापरही मी त्या घणावरच फोडलं.

पुढे माझं लग्न माणच्या जयसिंगशी झालं. सासरे उद्धवराव फौजेत गाड्यांच्या विभागात होते. निवृत्त झाले तेव्हा त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप आणली. आमच्या आळीत, बौद्धांच्या वस्तीत, दारासमोर गाडी उभी असलेलं ते पहिलंच घर, त्यामुळे सासरे रोज सकाळी तिला अंघोळ घातल्यासारखी धुवायचे. जयसिंग तीच जीप चालवून पोट भरत होता. पहाटे चिंचवडला दुधाचे कॅन, मग पहिल्या शिफ्टची माणसं, दुपारी दुसऱ्या शिफ्टची.

रस्ता मात्र रस्ता म्हणावा असा नव्हता. माण ते हिंजवडी नुसती बैलगाडीची चाकोरी, मध्ये एक ओढा, ओढ्यात धोंडे. पावसाळ्यानं ती चाकोरी इतकी खोल खाल्ली होती की जीपचं पोट मधल्या उंचवट्यावर घासायचं. चौऱ्याहत्तर साली मला पहिल्यांदा दिवस गेले होते, सातवा महिना चालू होता आणि बाळंतपणाला मी कासारवाडीला जायचं ठरलं होतं. त्याच दिवसांत दादा सायकलवरून मला बघायला आले आणि त्यांना वाटेतच दिसलं की आमची जीप ओढ्यात एका धोंड्यावर पोट टेकून अडकली आहे आणि चाकं हवेत फिरताहेत.

झालं. ते घरी येऊन चहाला बसले, पण कपातला चहा तसाच राहिला. मला म्हणाले, "या गाडीत तुला बसवायची न्हाई. मी आधी तिला उचलून देतो." जयसिंगला पटलं, सासऱ्यांनाही पटलं. दादांनी सांगितलं, कमानींना एकेक जाड पाटा वाढवतो, कमानीचं टोक गाडीला टांगणाऱ्या पुढच्या कड्या लांब घालतो, चार दिवसांत गाडी वीतभर वर येते, मग खुशाल नीलाला घेऊन या.

जीप वर आलीही. उद्धवराव शेडमध्ये जाऊन तिच्याभोवती फिरून आले आणि म्हणाले, आता ही पलटणीतल्यासारखी दिसते. दादांच्या तोंडावर त्या दिवशी हसू होतं असं आई सांगते. मी ते बघितलं नाही, आणि परत बरेच दिवस कुणीच बघितलं नाही.

कारण जयसिंगनं ती हमरस्त्यावर काढली तेव्हा ती सरळ जाईना. मातीत, सावकाश, काही कळत नव्हतं. डांबरावर जरा वेग घेतला की ती कधी डावीकडे कधी उजवीकडे भरकटायची, वळवलेलं स्टेअरिंग आपण होऊन सरळ होत नव्हतं. आणि एखाद्या खड्ड्यात चाक आपटलं की पुढची दोन्ही चाकं थडथडायला लागत, स्टेअरिंग हातातून हिसकावून घेत. गाडी जवळजवळ थांबवली तरच ते थांबे.

दादांना रोग काय आहे ते कळलं होतं, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं ऐकून लोक त्यांना अडाणी ठरवतात. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं, ती खिळी माथ्याला जराशी मागे रेललेली लागते. सायकलचा हँडलचा दांडा असा मागे रेललेला असतो, म्हणून तर हात सोडला तरी सायकल सरळ जाते. लांब कड्यांमुळे कमान पुढच्या टोकाला खाली कलली होती आणि तिच्याबरोबर ती खिळी उभी झाली होती. तिला परत मागे रेलवायची, एवढंच काम. त्यासाठी कमान आणि आडवा एक्सल यांच्यामध्ये एक लोखंडी पाचर घालतात. दादांनी लॉऱ्यांना अशा पाचरी कितीतरी घातल्या होत्या. डोळे मिटून घालत होते म्हणा ना.

तशी त्यांनी घातली. जीप जास्तच भरकटायला लागली.

त्यांना वाटलं, पाचर पातळ पडली. जाड घातली. मग तर चाकं नुसत्या उंचवट्यानंही थडथडायला लागली. दादांनी मग एकेक करून स्टेअरिंगच्या दांड्यांचे सांधे बदलले, बेअरिंगं बघितली, टायर डावीकडचे उजवीकडे केले, हवा कमी केली, जास्त केली. घोडं कुठे पेंड खातंय तेच समजेना. आई सांगायची, जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात धरून तिरका करायचा, सरळ करायचा, आणि तसाच ताटात ठेवून उठायचं. शेडपुढे लॉऱ्या थांबून निघून जायच्या. त्यांना दुसरं काम हातात धरवत नव्हतं.

आणि इकडे माझा आठवा महिना लागला.

आमच्याकडे आठव्या महिन्यात पोटुशीला हलवत नाहीत. सातव्यात न्यावं, नाहीतर नववा लागल्यावर. उद्धवराव या गोष्टीवर भडकायचे. आपण सगळं जुनं नदीत सोडून बुद्धाच्या वाटेवर आलो, मग हे आठव्याचं भूत कुणी घरात ठेवलं, असं ते विचारायचे. सासूबाई केसरबाई भाकरी थापता थापता शांतपणे म्हणाल्या, "वाट बदलली म्हनून बाईचं पोट बदलतंय व्हय?" मी माणलाच राहिले.

खरं सांगते, मला दादांचा राग आला होता. साध्या जीपमधून सातव्यात गेले असते तर चार धक्के बसले असते, आणि आईच्या हातचं खात बसले असते. यांनी माझ्या काळजीपोटी गाडी उचलली आणि मला इथे अडकवून ठेवलं. अती काळजी करणाऱ्या माणसाचा हाच ताप असतो. त्याच्या काळजीची भरपाई आपण करायची.

रागाच्या खाली भीती होती. जयसिंगला जीप बंद ठेवून परवडत नव्हतं. तो पहाटे तीच घेऊन दूध पोचवायचा, माणसं न्यायचा, आणि दुपारी शेडमध्ये दादांच्या ताब्यात द्यायचा. सावकाश चालवतो असं मला सांगायचा. सावकाश चालवणाऱ्याचे तळहात असे सोलवटत नाहीत. मी रात्री त्याच्या हाताला खोबरेल लावायचे आणि काही विचारायचे नाही, कारण विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं.

एके दिवशी तो हमरस्त्यावर जीप चालवून बघत असताना दादा शेडच्या दारात उभे होते. समोरून गाडी येत होती, जयसिंगनं बाजू घेतली, चाक डांबराच्या कडेवरून उतरलं आणि तो थरथराट सुरू झाला. दादांच्या डोळ्यांसमोर जीप आडवी होत रस्त्याखालच्या चरापर्यंत गेली. एक पुढचं चाक चरावर लोंबत राहिलं. मागचे रिकामे कॅन उडून रस्त्यावर गडगडले. जयसिंगला काही झालं नाही. तो उतरून कॅन गोळा करायला लागला, आणि दादा जिथे उभे होते तिथेच खाली बसले.

संध्याकाळी जयसिंग त्यांना म्हणाला, "मामा, राग मानू नका. तुम्ही जेवढी पाचर घालता तेवढी गाडी बिघडते." आई चुलीपाशी होती. तिला कमानीतलं ओ की ठो कळत नव्हतं. ती म्हणाली, औषधानं दुखणं वाढत असेल तर आधी औषध बंद करावं, एवढं तर आम्हा बायकांना पण कळतं.

दुसऱ्या दिवशी दादांनी पाचरी काढल्या. जीप भरकटत होतीच, पण पहिल्यापेक्षा कमी. म्हणजे पाचर काम करत होती, फक्त उलटं. दादा गोणपाट टाकून जीपखाली शिरले आणि नुसते पडून राहिले. आईला वाटलं, डोळा लागला. किती वेळानं आतून त्यांचा आवाज आला, "सोजर, ही गाडी उलटी हाय."

लॉरीत एक्सल खाली असतो आणि कमान त्याच्यावर बसते. त्या जीपमध्ये कमान खाली होती आणि एक्सल तिच्यावर बसला होता. खाली-वर झालं की पाचरीची दिशाही फिरते. लॉरीत जाड बाजू मागे ठेवायची, तर इथे ती पुढे हवी. दादांच्या डोळ्यांनी हे रोज बघितलं होतं, पण हात लॉरीवर तयार झालेले, ते डोळ्यांना विचारतच नव्हते. सवयीनं जाड बाजू मागे जायची आणि उभी झालेली खिळी आणखी पुढे झुकायची. आणि जावयाच्या गाडीत ते हेच पुन्हा पुन्हा, आणखी जाड, आणखी घट्ट करत राहिले होते.

हे त्यांनी आईला सांगितलं तेव्हा रोग सापडल्याचा आनंद तोंडावर नव्हता असं ती म्हणते. जयसिंगचं चाक चरावर लोंबत होतं ते त्यांना परत दिसलं होतं.

पुढच्या दिवशी त्यांनी पाचरी फिरवून बसवल्या. दुपार होती. जयसिंग बोल्ट आवळायला हात लावत होता. शेवटचा बोल्ट आवळून झाला आणि आता रस्त्यावर काढून बघू म्हणेपर्यंत भैरू सायकल टाकत आला. भैरू आमच्या माणचा, दुसऱ्या शिफ्टला कंपनीत चालला होता. धापा टाकत म्हणाला, "मामा, नीलावैनीला कळा सुरू झाल्यात. चतुराबाई म्हनती, पोर आडवं हाय, तिच्या हातचं काम न्हाई. दवाखान्यात न्या म्हनती, बिगी बिगी."

चतुराबाई आमच्याकडची सुईण. अर्ध्या माणची पोरं तिच्या हातावर आलेली. तिनं हात वर केले म्हणजे विषय संपला.

जयसिंग जीपमध्ये चढला. आई हातातलं तसंच टाकून मागे चढली. आणि दादा, जे कधी कुणाच्या गाडीत बसले नव्हते, तेही ग्रीसनं माखलेल्या हातांनी तसेच चढले. आई सांगते, त्यांनी दोन्ही हातांनी वरची दांडी पकडली होती आणि डोळे मिटले होते. जाताना जयसिंगनं वेग घेतला नाही. दादांनीच घेऊ दिला नाही. समोरून लॉऱ्यांची रांग होती, आणि गाडी चरात गेली तर नीलाकडे कोण जाणार, एवढंच ते म्हणाले. नंतर मातीचा रस्ता लागला, तिथे वेगाचा प्रश्नच नव्हता. ओढा मात्र जीप पोट न टेकवता सहज पार करून गेली. ज्या कामासाठी उचलली होती ते काम तिनं केलं, पण ती डांबरावर सरळ जाते की नाही ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला उचलून मागे गोधड्यांवर निजवलं. डोकं आईच्या मांडीवर. चतुराबाई पायाशी. सासूबाई दारात उभ्या होत्या, आठव्याचं काही बोलल्या नाहीत. दादा माझ्या उशाशी, जीपच्या पत्र्यावरच बसले, आणि त्यांनी उजव्या हाताचा तळवा पत्र्यावर टेकवला.

ओढा, चाकोरी, हिंजवडी. मला कळा येत होत्या आणि मी दादांकडे बघत होते. मला वाटत होतं, त्यांनी एकदा माझ्याकडे बघावं. एवढी घाबरले होते मी, ओरडत होते, आणि हा माणूस मान खाली घालून पत्र्याला हात लावून बसला होता. वैद्य नाडी बघतो तसा. माझी नाही, जीपची. मी आईला म्हणाले, यांना म्हणावं माझ्याकडे बघा. आईनं माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, बघतायत गं, तुलाच बघतायत.

पवनेचा पूल ओलांडून हमरस्ता लागला. दवाखाना कासारवाडीच्याही पुढे, पुण्याच्या अंगाला. जयसिंग गाडी हळूच चालवत होता. सायकलवाले आम्हाला मागे टाकत होते. त्याचे खांदे मला मागून दिसत होते, दगडासारखे ताठ. चतुराबाईनं माझ्या पोटावर हात ठेवला, दादांकडे बघितलं आणि म्हणाली, असंच चाललं तर मग मला बोल लावू नका.

जयसिंगनं मान न वळवता विचारलं, "मामा, काय करू?"

दादांच्या कपाळावरून घाम ओघळून डोळ्यांत जात होता. तळवा पत्र्यावरच होता. त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. मग म्हणाले, "जयसिंगराव, दाबा आता."

जीपनं आवाज बदलला. पिंपरीच्या कंपन्यांच्या भिंती बाजूनं पळायला लागल्या. मी आईचा हात इतका आवळला की तिच्या बांगड्या पिचल्या. मग शेड आली, दादांचीच, आणि तिच्या पुढचा तो चर, आणि डांबराची तुटलेली कड. समोरून लॉरी येत होती. जयसिंगनं बाजू घेतली. चाक कडेवरून खाली उतरलं, दणका बसला.

थरथर आली नाही. चाक परत डांबरावर चढलं, जीप आपली आपण सरळ झाली आणि पुढे निघाली.

दादांनी हात तसाच ठेवला. आणखी थोडं अंतर, आणखी एक खड्डा. मग त्यांनी तो तळवा पत्र्यावरून उचलला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. त्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की आता मी मरत नाही.

दवाखान्यात पोट चिरून मुलगी काढली. एवढीशी, मांजराच्या पिल्लाएवढी, पण तिनं आवाज काढला तो मी गुंगीतही ऐकला. दादा तोपर्यंत बाहेर पायरीवर बसून होते. नात बरी आहे, लेक बरी आहे, असं आईनं त्यांना दोनदा सांगितल्यावर उठले. जयसिंग म्हणाला, मामा, चला घरी सोडतो. दादा नको म्हणाले आणि कासारवाडीपर्यंत चालत गेले. त्यानंतर परत ते कधीच कुठल्या गाडीत बसले नाहीत.

मला शुद्ध आली तेव्हा नर्स माझे केस विंचरायला घेत होती. तिनं फणी थांबवली आणि विचारलं, केसांना हे काळं काय लागलंय, तेलकट? आई पलंगाशी बसली होती. बाळाकडे बघत होती. मान वर न करता म्हणाली, "राहू द्या ते. तिच्या वडलांचा हात आहे."